ढोलवाला खाली बसला

रिमासच्या गाडीतली चालकाची सीट मागे ढकलली की ती थेट मागच्या बाकाला जाऊन टेकते. कंपनीने ती तशी दिलेली नव्हती. गावातल्या वेल्डरकडून त्याने रूळ वाढवून घेतले, कारण गेर्वे क्लबच्या पोरांना साध्या सीटवर गाडी शिकायला बसवलं की त्यांचे गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर यायचे आणि वळण घेताना हात कुठून न्यायचा तेच त्यांना कळायचं नाही. तपासणीवाले दरवर्षी कुरकुर करतात आणि दरवर्षी शिक्का मारून देतात. मॅचला तेही येतातच की!

गेर्वे म्हणजे क्रौंच. आमच्या गावाच्या बास्केटबॉल टीमचं नाव. गाव केवढं म्हणाल, तर एक चीजचा कारखाना, दोन चर्च आणि अख्खं गाव आत बसवूनही वर जागा उरेल असा हॉल. लिथुआनियात मूल जन्मलं की आधी त्याचे तळवे बघतात, मग चेहरा. रिमासचे स्वतःचे तळवे लहान निघाले, उंचीही बेताचीच. मग काय करणार? आठवडाभर तो गाडी शिकवतो आणि मॅचच्या दिवशी बास्केटमागच्या गॅलरीत उभा राहून ढोल बडवतो. तरुण होता तेव्हापासून बडवतोय. आता बासष्टीला आलाय, एक कान कामातून गेलाय, पण ढोल दुसऱ्या कुणाला देईल तर शपथ.

आमच्या हॉलची एक रीत आहे. गावात वाढलेलं पोरगं पहिल्यांदा मोठ्या टीमकडून घरच्या मैदानावर उतरलं की सगळा हॉल उभा राहतो, आणि त्याची पहिली बास्केट पडेपर्यंत कुणी खाली बसत नाही. त्या दिवशी नाही पडली, तर पुढच्या खेपेला तो उतरला की पुन्हा उभं. एका पोराने तर आम्हाला अर्धा हंगाम उभं ठेवलं होतं. चीज कारखान्यातल्या निवृत्त बायका पायाला पट्ट्या बांधून यायच्या, पण बसली नाही एकही. रीत कुणी सुरू केली ते आता कुणाला आठवत नाही. राखायची मात्र रिमासने, कारण ढोल त्याचा.

आणि खरं सांगायचं तर अलीकडे उभं राहायला पोरंच उरली नाहीत. क्लब त्यांना दहाव्या वर्षी उचलतो, आठ वर्षं घासतो, आणि पान वाढायची वेळ आली की ताटच काढून घेतो. एकाला सोळाव्या वर्षी स्पेनला देऊन टाकला. एकाला दुसऱ्या फळीतल्या टीमकडे उसना दिला, तो तिथेच विसरला गेला, आता शाउलेईत टायर विकतो. एकाला तर ‘अंगात दम नाही’ म्हणून हाकललं. तो पोलंडला गेला आणि दोन वर्षांनी इथेच येऊन आमच्याच हॉलमध्ये आमचीच साल काढून गेला. रिमासने त्या दिवशी ढोल वाजवला नाही. नुसता म्हणाला, “समांतर पार्किंग पहिल्या फटक्यात जमलं होतं याला. मी तेव्हाच सांगितलं होतं, हे पोरगं घाबरणारं नाही. पण माझं ऐकतो कोण?”

त्याचं म्हणणं साधं होतं. उंच पोरगं बावीसचं होईपर्यंत स्वतःच्याच पायात अडखळतं. तोवर थांबायला लागतं. आणि आमचा क्लब थांबत नाही, तो अमेरिकेहून कुणीतरी पस्तिशी उलटलेला आणतो. या हंगामात डेरिल आला होता, गुडघ्याला पट्टा बांधून. बरं, माणूस इतका सज्जन, की त्याला शिव्याही घालता येत नाहीत. बाजारात भेटला तर आधी तोच हात हलवतो.

या सगळ्यात शेवटचा उरला होता तौरास. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या रेगिनाचा मुलगा, वय एकोणीस, दाराच्या चौकटीतून वाकून जाणारा. गेल्या वसंतात अमेरिकेतल्या एका कॉलेजने त्याला बोलावलं. शिक्षण तिकडे, राहणं तिकडे, खेळायला भरपूर. इकडे क्लबने तीन वर्षांचा करार पुढे केला आणि सांगितलं, तूच आमचं भविष्य. पोरगं कुंपणावर. तेव्हा हंगामाच्या शेवटच्या मॅचला रिमासने ढोल उचलला आणि ठेका धरला, “रहा, तौरास, रहा!” बघता बघता हॉलने तो उचलला. बायाबापड्या रडल्या. बाकावर बसलेला तौरास टॉवेलमध्ये तोंड लपवून रडला आणि दुसऱ्या दिवशी त्याने सही केली.

रिमास त्या आठवड्यात गावभर छाती काढून फिरला.

आणि मग नोव्हेंबर आला. तौरास बाकावर. डिसेंबर आला, तौरास बाकावरच. कोचने त्याला दोनदा उतरवलं, तेही मॅच संपता संपता, जिंकणं-हरणं ठरून गेल्यावर. आम्ही दोन्हीदा उभे राहिलो. एकदा त्याच्याकडे बॉल आलाच नाही, एकदा बॉल रिंगला लागून बाहेर गेला. पोस्टरवर मात्र त्याचाच चेहरा, बेकरीच्या काचेवर, बस थांब्यावर, चर्चच्या कोपऱ्यावर. ‘आपला तौरास.’

डिसेंबरातल्या एका दुपारी तौरास गाडी शिकायला आला. लायसन्सची परीक्षा चार दिवसांवर होती. बर्फ वितळून रस्त्यावर राड झाली होती. नदीच्या पुलापाशी पोराने गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

“काय रे? इथे थांबायला कुणी सांगितलं?”

“काका, त्या कॉलेजने परत विचारलंय. जानेवारीपासून जागा आहे म्हणतात. शेवटची.”

“मग?”

“मला जायचंय.” तो समोर बघत बोलत होता. “मी दिवसेंदिवस नुसता बसतोय. शूट करायचं विसरत चाललोय. परवा सरावात बॉल रिंगपर्यंतही पोचला नाही माझा. कोच म्हणतो, तू पोस्टर आहेस, पोस्टरने भिंतीवर राहावं.”

“असं म्हणाला तो?”

“हसत म्हणाला.”

रिमासने खिडकीची काच उगाच खाली केली, वर केली. “क्लबच्या डायरेक्टरला सांग मग.”

“सांगितलं. म्हणतो, लोक उभे राहतात तुझ्यासाठी, मी कसा सोडू?” मग खालच्या आवाजात, “आणि मी स्वतः मागून गेलो हे बाहेर कळलं ना, तर आईला इथे राहणं मुश्किल होईल. मिंदाउगासच्या बापाचं काय केलं लोकांनी, बघितलंत ना?”

बघितलं होतं. टीममधला मिंदाउगास स्वतःहून निघून गेला, तर त्याच्या बापाच्या दुकानात गावाने पाऊल टाकणं बंद केलं. पळपुट्याचा बाप म्हणायचे त्याला. आणि खोटं कशाला बोला, रिमासही म्हणाला होता.

त्याच संध्याकाळी रिमास हॉलमागच्या पार्किंगमध्ये डायरेक्टर जिल्विनासला गाठायला गेला. जिल्विनासलाही गाडी त्यानेच शिकवलेली, त्यामुळे अजून काका म्हणतो.

“सोडून दे त्या पोराला.”

जिल्विनास आधी हसला, मग त्याला कळलं की हे थट्टेत चाललेलं नाही. “काका, मी आज सोडतो. कोच तर वाटच बघतोय, त्याला अजून एक अमेरिकन हवाय. पण तुमची गॅलरी? गेल्या वेळी पोरगं सोडलं तेव्हा माझ्या गाडीवर अंडी पडली.”

“अंडी मी नव्हती फेकली.”

“ढोल तर तुम्हीच वाजवत होतात!” त्याने किल्ल्या खिशात टाकल्या. “हंगामाची तिकिटं त्याच्या तोंडावर खपलीत. लोक उभे राहतायत तोवर मला त्याला हलवता येत नाही. हां, तेच बसले, त्यांचंच मन उडालं, तर गोष्ट वेगळी. मग माझी मानगूट कोण धरणार?”

घरी येताना रिमासच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. बसले तर. गेल्या वसंतात आपणच या पोराला ढोल वाजवून खिळा ठोकला इथे. आता काढायचा कसा?

दुसऱ्या दिवशी त्याने गॅलरीतल्या जुन्या सोबत्याला, चेस्लोवासला, बिअरला बोलावलं. दोघांमध्ये लसूण चोळून तळलेल्या काळ्या पावाची ताटली होती. रिमास इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, “समजा, तौरास उतरला आणि आपण उभे नाही राहिलो, तर?”

चेस्लोवासने पाव परत ताटलीत ठेवला. “ताप आहे का तुला?”

“नाही रे, समजा.”

“समजा काय समजा! शेवटचं पोरगं आहे ते आपलं. ते गेलं की आपण काय बघायचं, डेरिलचा गुडघा?” मग त्याने रिमासच्या पाठीवर थाप मारली. “थकलायस तू. नाताळात झोप काढ.”

थकला होता हे खरंच. चेस्लोवासला सगळं सांगून मोकळं व्हावं असं त्याला फार वाटलं. पण चेस्लोवासला सांगणं म्हणजे चर्चच्या घंटेला सांगणं. त्याने बिल मागवलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी शेवटचा धडा होता. तौरासने गाडी दोन व्हॅनच्या मधे न अडखळता घातली. रिमास म्हणाला, “चांगलं जमलं.” आणि मग, “शनिवारी तू उतरलास ना, तर मी बसणार आहे. वर बघू नकोस. बॉलकडे बघ.”

तौरासला कळायला जरा वेळ लागला. “काका, लोक तुम्हाला खातील.”

“खाऊ देत. अंगावर मांस आहे पुष्कळ. हँडब्रेक ओढ.”

शनिवारी नाताळच्या सुट्टीआधीची शेवटची मॅच. हॉल गच्च. समोरची टीम दुबळी होती, आम्ही पुष्कळ पुढे होतो, आणि शेवटची तीन मिनिटं राहिली असताना कोचने बाकाकडे बोट केलं. तौरासने जॅकेट काढलं. हॉल उठला. सगळा, खालपासून वरपर्यंत. “तौ-रास! तौ-रास!”

रिमासने ढोल गळ्यातून काढला आणि जमिनीवर ठेवला. मग खुर्ची उघडायला गेला. घडीची खुर्ची ती, आपोआप मिटणारी. ढोलवाला कधी बसायचाच नाही, त्यामुळे इतक्या वर्षांत तिचे सांधे गंजून बसलेले. दोन्ही हातांनी रेटावं लागलं तेव्हा कुठे करकरत खाली आली. रिमास तिच्यावर बसला.

आणि झालं भलतंच. ठेका तुटला तसे लोक वळले, आणि त्यांना वाटलं, म्हातारा पडला.

“रिमासला चक्कर आली! पाणी आणा रे!”

“बाजूला व्हा, हवा येऊ द्या!”

चेस्लोवास गुडघ्यावर बसून त्याच्या मफलरची गाठ सोडायला लागला. पांढराफटक झाला होता बिचारा. “छातीत दुखतंय का? रिमास, बोल ना! डाव्या हाताला मुंग्या येतायत का?”

याचा रिमासने विचारच केलेला नव्हता. बसलं की झालं, एवढंच त्याचं गणित. आता गप्प राहिलं तर उद्या गावभर होणार, बिचारा ढोलवाला आजारी पडला, आणि तौरास होता तिथेच राहणार. आजूबाजूला निम्मी गॅलरी वाकून बघत होती. पुढच्या रांगेतल्या मुलीने मोबाइल वर धरला होता.

“मला काही झालेलं नाही,” तो म्हणाला. गलक्यात कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा, मोठ्याने. “धडधाकट आहे मी. बसलोय.”

“बसलायस म्हणजे?”

“त्या पोरासाठी उभं राहण्यात आता अर्थ नाही. नाही जमायचं त्याला. काही नाही त्याच्यात.”

चेस्लोवासचे हात मफलरवरच थांबले. त्याने ते हळूच काढून घेतले आणि तो उठला. मागून कुणीतरी ओरडलं, “किती मिळाले रे डायरेक्टरकडून?” कुणीतरी शिवी दिली. दोन-तीन माणसं गोंधळून बसली, त्यांचं बघून आणखी काही बसली, काही पुन्हा उठली. सगळ्या गॅलरीची पार रया गेली. चेस्लोवासने न विचारता ढोल उचलला आणि बडवायला लागला, पण त्याला ठेका कुठला यायला! तो आपला कसाही वाजत राहिला.

खाली तौरासला बॉल मिळाला. कोपऱ्यातून, मोकळा. रिमासच्या डोळ्यांसमोर माणसांच्या पाठी होत्या, त्याला काही दिसलं नाही. रिंगचा आवाज आला, मग सगळ्या हॉलचा सुस्कारा.

रिमासची बायको दांगुओले घरी रेडिओवर मॅच ऐकत असते. तो दारात आला तेव्हा तिला शेजारणीचा फोन येऊन गेला होता.

“तू बसलास,” ती म्हणाली. “तू! माझ्या बापाच्या अंत्यविधीला पाय दुखतात म्हणून खुर्ची दिली, तर घेतली नव्हतीस.”

“हं.”

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती, तिला फार वेळ लागला नाही. “सांगू नकोस मला. कुणी विचारलं तर मला माहीत नसलेलं बरं.” आणि बीटचं सूप गरम करायला निघून गेली.

तो व्हिडिओ गावातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरला. कुणीतरी रिमासच्या गाडीवर अंडं फोडलं, एकच, जणू जास्तीची त्याची लायकी नव्हती. शिकणाऱ्या दोघा मुलांच्या बापांनी क्लास बदलला. आणि बुधवारी क्लबने जाहीर केलं, की चाहत्यांच्या भावना लक्षात घेऊन तौरासला परस्पर संमतीने करारातून मोकळं करण्यात येत आहे. चाहत्यांच्या भावना! वाचून रिमासला हसू आलं, पण ते पोटातल्या पोटातच राहिलं. रेगिना शाळेच्या फाटकात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, माझ्या पोराला त्या ढोलवाल्याने देशोधडीला लावलं. लोक तिचे हात हातात घेत होते. तिला कुणी पळपुट्याची आई म्हणालं नाही.

सहा जानेवारी झाली, गावातली नाताळची झाडं उतरली, आणि तौरास विमानतळाला निघाला. आईला त्याने सांगितलं, मित्र सोडतोय. गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर रिमास उभा होता. लायसन्स नवं कोरं होतं, म्हणून चालवायला तौरासच बसला. रिमास शेजारी, पायाखाली शिक्षकाचा ब्रेक. व्हिल्निअसपर्यंत त्याने तो एकदाही दाबला नाही.

गाव मागे पडल्यावर तौरास म्हणाला, “आईला खरं सांगू का? तिकडे पोचल्यावर?”

“नको. तिला गप्प बसता येणार नाही. येऊन माफी मागेल, सगळ्यांसमोर. मग सगळं मुसळ केरात.”

“ती दांगुओले काकूंशी बोलत नाही.”

“काकूचं चाललंय बरं. तू रस्त्याकडे बघ.”

आणखी काही किलोमीटर गेले. शेतांवर बर्फाचे पट्टे होते.

“तुम्ही काय म्हणालात ते मला खाली ऐकू नव्हतं आलं,” तौरास म्हणाला. “नंतर व्हिडिओ बघितला.”

रिमासने बाजूचा आरसा उगाच नीट केला.

“का म्हणालात ते मला माहीत होतं. आधीच माहीत होतं. तरी लागलं, काका.”

लागलं असणारच. एका वेळी अख्ख्या हॉलला रडवणारी जीभ ती, तिच्यातून निघालेलं. रिमासने तोंड उघडलं आणि म्हणाला, “पुढे उजवीकडे वळायचंय. इंडिकेटर दे.”

तौरासने इंडिकेटर दिला.

विमानतळावर पोराने वाकून त्याला मिठी मारली, बॅगा घेतल्या आणि तो काचेच्या दारातून मान न वाकवता आत गेला. तिथली दारं उंच होती. रिमास गाडीत चालकाच्या जागी बसला, तर पाय पेडलला पोचेनात. सीट पार मागे होती. मागचा गाडीवाला हॉर्न मारायला लागला तरी त्याला ती पुढे ओढावीशी वाटेना. शेवटी ओढली.

पुढच्या शनिवारी तो हॉलवर गेला. तिकीट काढून. बास्केटमागच्या गॅलरीत चेस्लोवास ढोल घेऊन उभा होता. रिमास दिसताच त्याने तोंड फिरवलं. रिमास वरच्या कोपऱ्यात, चीज कारखान्यातल्या निवृत्त बायकांमध्ये जाऊन बसला. त्यांनी आपल्या पिशव्या जवळ ओढून घेतल्या. नवा अमेरिकन आला होता, अजून व्हिसा व्हायचा होता. डेरिलचा गुडघा अर्ध्या मॅचमध्येच बसला. म्हणून कोचने नाइलाजाने बाकाच्या टोकावरून एकाला उठवलं. अठरा वर्षांचं, हात गुडघ्यापर्यंत, आपल्याच गावचं. मागच्या महिन्यात गाडी शिकायला आलं होतं, अजून रिव्हर्स जमत नव्हता.

हॉल उठला. रिमासही उठला.

शेजारची बाई त्याच्याकडे बघायला लागली. “तुम्ही कशाला उठताय? तुम्ही बसणारे ना?”

मागच्या रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. “बसा हो, ढोलवाले! तुमच्या पायांना सवय राहिली नसेल!”

रिमास उभाच राहिला. समोरच्या खुर्चीचा कठडा धरून, दुखऱ्या पायावरचा भार चांगल्या पायावर टाकत. खाली पोरगं आपल्याच पायात अडखळत धावत होतं. त्याच्याकडे एकदा बॉल आला, त्याने घाईने दुसऱ्याला देऊन टाकला. मग आणखी एकदा आला, तो त्याने रिंगवर आपटला. चेस्लोवासचा ठेका चुकतच होता. रिमासची बोटं कठड्यावर खरा ठेका धरत होती, हलके, कुणाला ऐकू जाणार नाही असा.

शिट्टी झाली. पोराची बास्केट पडली नाही. म्हणजे तो पुन्हा उतरला की पुन्हा उभं राहायचं.